शब्दचर्चा: महापौर म्हणजे नक्की कोण?

तलावपाळीकर
२०२५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला झोहरान ममदानी निवडून आले तेव्हा सगळ्या मराठी चॅनेलवर 'न्यूयॉर्कचे महापौर' चालू होतं, मग जानेवारीत इकडे पालिकांच्या निवडणुका आल्या आणि परत तोच शब्द, ठाण्याचा महापौर कोण, नवी मुंबईचा कोण. भाचा विचारतोय, मामा, तो तिकडे बस फुकट करणार म्हणतो मग आपला महापौर टीएमटी (ठाणे पालिकेची बस) फुकट का नाही करत? मला उत्तर देता आलं नाही. हा एकच शब्द दोन्हीकडे बरोबर आहे का? आणि मुळात हा शब्द आला कुठून?

वाशी सेक्टर सतरा
शब्द सावरकरांचा. दिनांक, दूरध्वनी वगैरे त्यांच्या भाषाशुद्धीच्या शब्दांबरोबर रुळलेला. पुर म्हणजे नगर, पुरात राहतो तो पौर, आणि पौरांमधला मोठा तो महापौर. गंमत बघा, यात पती नाही, पाल नाही, अध्यक्ष नाही, म्हणजे सत्ता सांगणारं काहीच नाही! नुसता मोठा नागरिक. 'शहराचे प्रथम नागरिक' असं भाषणात म्हणतात ना, ते जवळजवळ या शब्दाचंच भाषांतर झालं. मेयरचं लॅटिन मूळही 'जास्त मोठा' असंच आहे, त्यामुळे नाव म्हणून जोडी जमलीये, कामाचं काय ते जाणकारांनी सांगावं.

निवृत्त लेखनिक
सांगतो. मी एका पालिकेच्या सचिव विभागात होतो (कुठल्या ते राहू दे), विषयपत्रिका काढणं आणि इतिवृत्त लिहिणं यातच नोकरी गेली.

आपल्याकडचा महापौर म्हणजे महासभेचा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचा, पीठासीन अधिकारी. सभा बोलावणार, कोणाला बोलू द्यायचं ते ठरवणार, गोंधळ झाला तर तहकूब करणार, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देणार. राजदंड पळवला की बातमी होते तो राजदंड यांच्याच समोरचा. विषय पुकारला, 'सूचना मंजूर' म्हटलं, पुढचा विषय. आणि ते 'आयत्या वेळचे विषय', त्यात काय काय जायचं ते लिहायला बसलो तर वेगळा धागा काढावा लागेल.

पण सही कोणाची चालते? आयुक्तांची. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली येतात, मुंबईचा १८८८ चा वेगळा. १९४९ च्या कायद्यात 'महानगरपालिका प्राधिकारी' कोण याची यादी आहे: महानगरपालिका म्हणजे अख्खं सभागृह, स्थायी समिती, प्रभाग समित्या, आयुक्त, आणि बससेवा असेल तर परिवहन समिती आणि परिवहन व्यवस्थापक. त्या यादीत महापौर हे नावच नाही. कलम ६७ वाचा, कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. पैशाचं म्हणाल तर स्थायी समिती, सोळा जण असतात, म्हणून पेपरवाले कायम 'तिजोरीच्या चाव्या' लिहितात ते स्थायीच्या सभापतीबद्दल, महापौरांबद्दल नाही. मुरलेले नगरसेवक भांडायचे ते स्थायीसाठी, महापौरपद हे मानाचं पान. तेही अडीच वर्षं आणि आरक्षणाची सोडत निघेल तसं.

भाच्याला सांगा, टीएमटीचं भाडं ठरवताना परिवहन समिती, महासभा, मग वरचं परिवहन प्राधिकरण असा प्रवास असतो. एकट्या महापौरांच्या हातात नाही ते.

ऐरोलीकर
काकांनी सांगितलं त्याचा पुरावा आमच्याकडेच आहे की. २०१६ च्या ऑक्टोबरात तुकाराम मुंढे आयुक्त असताना नवी मुंबईच्या महासभेत त्यांच्यावर अविश्वास ठराव आला, १११ नगरसेवकांचं सभागृह, १०४ विरुद्ध ६ असा पास झाला, पाच अष्टमांश पुरे असतात म्हणजे सत्तरच लागतात, आणि तरी काय झालं? सरकारने ठराव निलंबित केला, मुंढे राहिले, बदली झाली ती पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये. आता मुंढेंबद्दल ज्याचं त्याचं मत, माझंही आहे, पण अख्खं सभागृह एका बाजूला असून आयुक्त हलत नाही म्हटल्यावर महापौर या पदाचं वजन किती ते दिसलं.

आणि नंतर तर २०२० च्या मेपासून साडेपाच वर्षांहून जास्त महापौरच नव्हते, आयुक्तच प्रशासक. पाणी आलं, कचरा उचलला, मोरबे धरण भरल्यावर पूजासुद्धा झाली असेल. महापौर नाहीत म्हणून काही अडलं असं ऐकलं नाही, नगरसेवक नव्हता याचा त्रास मात्र झाला, गटाराचं कोणाला सांगायचं?

घोडबंदरवाली
हे सगळं पटलं पण मग न्यूयॉर्कसाठी तोच शब्द कसा चालेल? तिथला मेयर लोकांनी थेट निवडलेला, पोलीस आयुक्त तो नेमतो, शाळा त्याच्या हाताखाली, बजेट तो मांडतो, ५१ जणांच्या कौन्सिलने केलेल्या कायद्यावर नकाराधिकार वापरू शकतो. म्हणजे आपले महापौर, आयुक्त आणि थोडे गृहमंत्री एकत्र केले तर तो होईल. इथे ठाण्यात पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, घोडबंदर रोडवर खड्डा पडला की तो पालिकेचा, पीडब्ल्यूडीचा की एमएमआरडीएचा यावरच पावसाळा संपतो. (फोनवर महापौर लिहिलं की आपोआप महापूर होतं, जुलैत ते चुकीचं वाटत नाही.) नवी मुंबईत तर सिडको आणि एमआयडीसी आणखी वेगळे.

मात्र फुकट बसचं उदाहरण ऐका, तिथल्या बस ज्या एमटीएच्या आहेत ती संस्था न्यूयॉर्क राज्याची, त्यामुळे इतका ताकदवान मेयर असून त्यालाही गव्हर्नरकडे जावं लागतंच.

लंडनला तर दोन आहेत. थेट निवडून येणारा मेयर ऑफ लंडन, हे पद २००० पासूनचं, सादिक खान आहेत ते. आणि 'सिटी ऑफ लंडन' या जुन्या भागाचा लॉर्ड मेयर, एक वर्षाचा, झगा घालून मिरवणूक. आपला महापौर खरा या दुसऱ्याचा भाऊ. मी म्हणते बातम्यांत न्यूयॉर्कसाठी सरळ 'मेयर' लिहा, किंवा आपल्या पदाला 'सभापती' म्हणा.

निवृत्त लेखनिक
ताई, सभापती शब्द संपलेत हो आमचे. स्थायीचे सभापती, परिवहनचे सभापती, त्यात महासभेचेही सभापती केले तर इतिवृत्त लिहिणारा वेडा होईल. पण मुद्दा बरोबर आहे तुमचा, कारण मुंबईत १९३१ पर्यंत या खुर्चीला अध्यक्षच म्हणत होते, फिरोजशहा मेहता म्हणूनच 'अध्यक्ष' होते, 'मेयर' नव्हे. १९३१ ला पाटी बदलली, काम तेच राहिलं. त्याआधीच १८६५ पासून आयुक्त होता, पहिला आर्थर क्रॉफर्ड, मार्केटवाला. त्याने इतका खर्च केला की लोक भडकले, मग खर्चावर लक्ष ठेवायला सभागृहाला अधिकार वाढले. म्हणजे सभागृह हे आधीपासून लक्ष ठेवणारं, चालवणारं नव्हे.

एकदा बदलून पाहिलं होतं. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला महापौर परिषद आणली, महापौर आणि त्यांचं छोटं मंत्रिमंडळ असं, १९९९ मध्येच गुंडाळली. कोलकात्यात मात्र ती पद्धत अजून आहे.

तलावपाळीकर
मग अंबरनाथ बदलापूरला नगराध्यक्ष लोक थेट निवडतात ते कसं? महापौरापेक्षा नगराध्यक्ष भारी?

निवृत्त लेखनिक
निवडीपुरता हो. नगराध्यक्षाला मत तुम्ही देता, महापौराला फक्त नगरसेवक देतात. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशात महापौरही थेट असतो. आपल्याकडे सरकार बदललं की नगराध्यक्षाचा नियम बदलतो, महापौराच्या नियमाला कोणी हात लावत नाही, का ते आमदारांना विचारा. शहरात लोकांनी थेट निवडलेला एक माणूस झाला तर त्यांचं काय होणार!

वाशी सेक्टर सतरा
आणखी एक, 'नगरपाल' म्हणजे महापौर असं खूप जण लिहितात. नाही. नगरपाल म्हणजे मुंबईचा शेरीफ, तो वेगळा, तोही मानाचाच. नावात 'पाल' असून पाळायला काही नाही.

ऐरोलीकर
सोसायटीच्या कार्यक्रमाला बोलवायचंय, बाई असतील तर 'महापौरा' लिहायचं का? आमचे सेक्रेटरी हट्टाला पेटलेत.

घोडबंदरवाली
नको हो. 'मा. महापौर' आणि पुढे नाव, क्रियापद बाईंचं. बोलताना 'महापौर मॅडम' म्हणतातच सगळे. आणि पत्रिकेत आयुक्तांचं नाव विसरू नका, पाण्याचं काम त्यांच्याकडेच आहे.