शब्दचर्चा : 'सांताक्लॉज', 'नाताळबाबा' आणि त्यांचे सोबती

प्रश्न : निरनिराळ्या देशांतील नाताळच्या लोककथा मुलांना मराठीतून सांगायच्या आहेत. भेटवस्तू आणणाऱ्या सगळ्यांनाच 'नाताळबाबा' म्हणावे का? तसेच, 'सांता' आणि आपला 'संत' हे मुळात एकच शब्द आहेत का?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ. 'सांता' आणि 'संत' यांचे उच्चार व अर्थ कितीही जवळचे वाटले, तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. 'संत' हा संस्कृत 'सत्' वरून आला, म्हणजे त्याच्या मुळाशी 'अस्' हा धातू आहे. 'सांता'चे मूळ 'पवित्र' या अर्थाच्या लॅटिन 'सांक्तुस' मध्ये आहे. गोव्याच्या 'सांजांव' या सणाच्या नावातील 'सां' पोर्तुगीजमधून आला असून तो याच लॅटिन शब्दाचा वंशज आहे. 'क्लॉज' हेही आडनाव नव्हे. आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे चौथ्या शतकात निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने व्हावीत म्हणून त्यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. 'निकोलास'चे डच भाषेतील आखूड रूप 'क्लास'. त्यावरून 'सिंतरक्लास' झाले आणि पूर्वी डचांची वसाहत असलेल्या न्यूयॉर्कमध्ये त्याचे 'सांताक्लॉज' झाले.

आता 'नाताळबाबा'. हा शब्द गोड आहे आणि फ्रान्सच्या 'पेर नोएल'साठी तर तो अगदी चपखल आहे, कारण 'पेर' म्हणजे बाबा, आणि 'नोएल' व आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेला 'नाताळ' हे दोन्ही शब्द जन्मवाचक लॅटिन 'नातालिस' पासूनच निघाले आहेत. मात्र हेच नाव सर्वांना दिले, तर गोष्टीच बिघडतात. सिंतरक्लास भेटी देतो तो नाताळात नव्हे, तर निकोलसच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, 5 डिसेंबरला. नेदरलँड्समधील मुले त्याच्या घोड्यासाठी बुटात गाजर ठेवतात. रशियाचा 'देद मोरोझ' नववर्षाच्या रात्री येतो, त्याच्यासोबत नात स्नेगुरोच्का असते आणि त्याच्या नावाचा अर्थ 'गोठवणाऱ्या थंडीचे आजोबा' असा होतो. तेथे 'थंडीआजोबा' म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

इटलीची 'बेफाना' तर बाबा नाहीच. बाळ येशूला शोधत निघालेल्या ज्ञानी पुरुषांनी तिला सोबत बोलावले, पण घरकाम उरले आहे म्हणून ती गेली नाही. मागाहून तिला चुटपुट लागली आणि तेव्हापासून ती दर वर्षी 5 जानेवारीच्या रात्री प्रत्येक घरात बाळाला शोधते आणि मुलांसाठी खाऊ ठेवून जाते, अशी तिची कथा आहे. तिचे नाव 'एपिफानिया' म्हणजे 6 जानेवारीच्या सणावरून पडले आहे. गोव्यातील रेइश मागुश येथे त्याच दिवशी तीन राजांचे, म्हणजे वरच्या ज्ञानी पुरुषांचेच, फेस्त भरते आणि त्या गावाचे नावही याच राजांवरून आले आहे. बेफाना झाडूवर बसून येते म्हणून तिला 'चेटकीण' म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. मराठी मुलाच्या मनात चेटकीण म्हटले की भीतीच उभी राहते, आणि ही तर हळहळणारी, मायाळू म्हातारी आहे. 'बेफानाआजी' हेच नाव तिला शोभते.

शब्दशः भाषांतर कोठे नेते, याचा नमुना फिनलंडमध्ये सापडतो. तेथील 'योउलुपुक्की'चा सरळ अर्थ 'नाताळचा बोकड' असा आहे, कारण पूर्वी तेथे बोकडाचे सोंग घेऊन घरोघरी फिरत असत. आज मात्र तो शब्द लाल कपड्यांतल्या दाढीवाल्यासाठीच वापरतात. येथे मूळ नाव ठेवून त्यामागची हकिकत सांगावी.

पुरवणी प्रश्न : 'येतो' लिहावे की 'येतात'?

उत्तर : मायऱ्याच्या बिशपांबद्दल लिहिताना 'संत निकोलस देत असत' असे आदरार्थी बहुवचन हवे, कारण तेथे आपण एका धर्मगुरूविषयी बोलत असतो. सिंतरक्लास व सांताक्लॉज ही मात्र लोककथेतील रूपे आहेत, म्हणून ती 'येतो' अशी एकवचनातच शोभतात. 'थंडीआजोबा' म्हटल्यावर मुलांच्या तोंडी 'आजोबा आले' असेच येते, आणि बेफानाआजी मात्र घरच्या आजीसारखी 'येते'.