सूर्य वर असताना शुक्र नुसत्या डोळ्यांनी कसा शोधावा?

प्रश्न (वेंगुर्ले)
पहाटे पूर्वेला शुक्राची चांदणी ठळक दिसते, परंतु सूर्य डोंगरावर आला की थोड्याच वेळात ती हरवते. दुर्बिणीशिवाय ती दिवसाही पाहता येते असे वाचले आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत हे खरोखर शक्य आहे का? शुक्राखेरीज आणखी कोणता ग्रह असा दिसतो?

उत्तर (रत्नागिरी)
निश्चित शक्य आहे. शुक्राची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका ऋण, तितके तेज अधिक) साधारण −४ ते −४.९ असते आणि स्वच्छ निळ्या आकाशात एवढे तेज पुरते. तरीही तो सापडत नाही, कारण रिकाम्या आकाशात डोळ्याला टेकायला काही नसले की तो जवळच्या अंतरावर स्थिरावतो आणि ग्रहाचा बारीक बिंदू पुसट होऊन निळ्यात मिसळतो. म्हणून आधी दूरच्या माडाच्या शेंड्यावर नजर ठरवून मग ती वर न्यावी. चंद्रकोर शुक्राजवळ येते तो दिवस सर्वांत सोपा. तेव्हा जागाही कळते आणि नजरही ठरते.

उत्तर (देवगड)
वरील उत्तराला किनाऱ्यापुरती भर घालतो. बाष्प आणि खाऱ्या कणांमुळे आपल्याकडे क्षितिजालगतचे आकाश पांढुरके असते, तेथे शोधण्यात श्रम दवडू नयेत. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त ४७ अंश दूर जातो आणि पहाटेचा शुक्र त्या सुमारास सूर्याच्या जवळजवळ तीन तास आधी मध्यमंडळ (डोक्यावरून जाणारी आकाशातील उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो. म्हणजे कोकणात सकाळी साडेनऊच्या आसपास तो चांगला उंचावर, धुरकटपणाच्या वर आलेला असतो. घराच्या पश्चिमेकडील सावलीत उभे राहावे, म्हणजे सूर्य कौलांमागे झाकला जातो. उजाडण्यापूर्वीच शुक्र पाहून ठेवावा आणि दर काही मिनिटांनी वळचणीच्या कडेशी त्याची जागा ताडत राहावे, कारण आकाश तासाला १५ अंश सरकते. पाऊस सरल्यानंतरचे धुतलेले आकाश याला उत्तम. द्विनेत्री वापरायची झाल्यास सूर्य पूर्ण आडोशाला असल्याची खात्री केल्यावाचून ती डोळ्यांना लावू नये. याबाबत मी मुलांना फार कडक शब्दांत बजावतो.

उत्तर (गुहागर)
दुसरा ग्रह गुरू. त्याची प्रत −२.९ च्या पुढे जात नाही, त्यामुळे भर दुपारी त्याची आशा धरू नये. मात्र तो सूर्याच्या पूर्वेस सुमारे ९० अंशांवर असताना मावळतीच्या वेळी मध्यमंडळाजवळ असतो आणि आकाशाचा तोच पट्टा सर्वांत गडद निळा असतो. जागा नेमकी ठाऊक असेल, तर सूर्य समुद्राला टेकण्याच्या काही मिनिटे आधी तो दिसू शकतो.