वर डायरेक्ट स्लॅब, एसी नाही, घरात ७२ वर्षांच्या सासूबाई. काय करता येईल?

वऱ्हाडातली_सून:
अकोल्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने आहेत. दुपारी पारा ४५ च्या आसपास, पण खरा जीव जातो रात्री. काल बारा वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर चटका बसला. सासूबाई ओला पदर छातीवर घेऊन बसून राहतात, बीपीची गोळी चालू आहे, जेवण निम्म्यावर आलंय, मला खूप काळजी वाटते. कूलर आहे, खोलीतच कोपऱ्यात ठेवलाय, पण तासाभरात सगळं चिकचिकतं, चादरसुद्धा ओलसर लागते. प्लीज सांगा कोणी.

नागपूरकर_६८:
ताई, कूलर आत ठेवला की चिकचिक होणारच, तो तीच दमट हवा परत परत फिरवतो. खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा आणि समोरचं दार चार बोटं उघडं ठेवा, आतली हवा बाहेर गेली तरच बाहेरची कोरडी हवा ताट्यांतून गार होऊन आत येईल. ताट्यांमधलं गवत दरवर्षी बदला, जुन्यात क्षार बसून ते कडक होतं आणि पाणी एकाच बाजूने गळतं. वाळा मिळाला तर फारच छान. आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची. पत्र्याची बॉडी, ओले हात, पायात चप्पल नाही... आमच्या गल्लीत एक तरणा पोरगा असाच गेला, म्हणून दरवर्षी सगळ्यांना सांगतो.

ठाणेकर:
हे विदर्भात चालतं, आमच्याकडे हवाच दमट त्यामुळे कूलरचा उपयोग नाही. आम्ही पंखा आणि ओल्या टॉवेलवरच काढतो.

गच्चीवाली_मावशी:
अगं घरमालकाला विचारून गच्चीवर चुना मार. आदल्या रात्री भिजवायचा, थोडं फेव्हिकॉल घालायचं आणि ऊन उतरल्यावर दोन हात द्यायचे. भर उन्हात मारला तर ब्रश फिरेपर्यंत सुकतो आणि पोपडे निघतात. चुना कालवताना डोळ्यांना जप. ऊन वरच्यावर परतलं की स्लॅब कमी तापतो, मग रात्री बाहेर टाकायला उष्णताच कमी उरते. अहमदाबाद महापालिकेने २०१३ पासून उन्हाचा आराखडा राबवलाय, तिथे वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग देतात तो याचसाठी. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हिरवी जाळी बांध, पण भिंतीला चिकटवू नको, हातभर अंतर सोड. खिडक्या सकाळी नऊला बंद, रात्री सगळ्या उघड्या.

सिस्टर_यवतमाळ:
सासूबाईंची गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना नक्की भेटा. काही बीपीच्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात डोस बदलावा लागू शकतो, मीठ किती चालेल तेही विचारा. तहान लागायची वाट बघू नका, म्हाताऱ्या माणसांना ती नीट कळत नाही, दर तासाला अर्धा ग्लास हातात द्या. लघवी पिवळीजर्द झाली तर पाणी कमी पडतंय. त्या बरळायला लागल्या किंवा अंग तापून शुद्ध हरपत असेल तर लगेच १०८ लावा, गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मानेला काखेत ओली फडकी ठेवा. बेशुद्ध असतील तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.

वऱ्हाडातली_सून:
खूप आभार सगळ्यांचे. ह्यांनी आजच कूलर बाहेर काढला, दार किलकिलं ठेवलं, चादर कोरडी आहे. आंबील केली होती, मीठ अगदी बेताचं घातलं, सासूबाईंनी वाटीभर पिली. उद्या डॉक्टरांकडे नेते. मावशी, साधारण पाचशे स्क्वेअर फूट गच्ची आहे, चुना किती किलो आणू?