पहिलं बाळ येतंय, खर्च कुठे वाचवता येईल? (नागपूर) मदत हवी आहे

वर्धारोडवाला
नमस्कार. बायकोला पाचवा महिना सुरू आहे, पहिलंच बाळ. दोघंही नोकरी करतो, घराचा हप्ता चालू आहे. बाळासाठी बाजूला काढलेले साधारण ऐंशी हजार आहेत. रविवारी सीताबर्डी आणि सदर फिरून यादी केली. पाळणा, प्रॅम, कार सीट, बाटल्यांचा स्टेरिलायझर, ब्रेस्ट पंप, बेबी मॉनिटर, वॉकर, गाद्या, कपडे. नुसतं सामानच चाळीस हजारांच्या वर जाऊन राहिलं. यातलं नक्की काय लागतं, जुनं काय चालतं आणि नागपुरात स्वस्त कुठे मिळतं, एवढंच सांगा. "बाळ आपलं नशीब घेऊन येतं" वगैरे नको, रोज तेच ऐकतो आहे. एका दुकानात संक्रांतीपर्यंत सूट आहे, म्हणून घाई.

गोकुळपेठची मावशी
अभिनंदन रे बाबा! आधी सांग, तारीख कधीची आहे? मेमधली असेल तर उबदार काहीच घेऊ नकोस. झबली, लंगोट, टोपरी, दुपटी बस्स. इतवारीत किंवा गांधीबागेत मऊ मलमल मीटरवर घे आणि घरी शिवून घे, तयार सेटच्या निम्म्यात होतं. झबली मोजकीच घे. बारशाला इतकी येतात की बाळाच्या अंगाला लागायच्या आत लहान होतात. जुनी सुती लुगडी घरात असतील तर दुपट्यांना त्यासारखं कापड नाही.

सदर_बाजार
कार कोणती आहे? त्यावर कार सीट ठरेल. माझ्याकडे एक आहे, चांगल्या स्थितीत.

वर्धारोडवाला
तारीख मेच्या तिसऱ्या आठवड्याची. कार नाही, ॲक्टिव्हा आहे. दुकानदाराने यादीत टाकली म्हणून लिहिली.

सदर_बाजार
मग कार सीट कापा. कार घ्याल तेव्हा बघू.

अनघा_प्रतापनगर
वॉकर पण कापा. बालरोगतज्ज्ञ नकोच म्हणतात, पोरं त्यात आपटतात आणि चालायला लवकर शिकतात असंही नाही. बाटल्या लागल्याच तर पातेल्यात पाणी उकळून त्यात निर्जंतुक होतात. पंप आत्ता घेऊ नका. बाळ नीट पीत असेल आणि आई घरी असेल तर तो डब्यातच राहतो, लागला तर त्याच दिवशी दुकानातून मिळतो. दोन खोल्यांच्या घरात मॉनिटर कशाला? बाळ रडलं की शेजारच्यांनाही ऐकू जातं.
पण दादा, खरा खर्च तुम्ही विचारलाच नाही. डिलिव्हरी कुठे? विमा कोणता? वहिनींना पगारी रजा आहे का?

वर्धारोडवाला
विम्याचं मी विचारलेलं नाही. माझ्या कंपनीचा ग्रुप विमा आहे, त्यात मॅटर्निटी आहे असं एचआर म्हणाले. सामानाचं सांगा प्लीज.

टीपीए_मध्ये_काम_करतो
"आहे" म्हणजे किती आहे ते विचारा. ग्रुप पॉलिसीत मॅटर्निटीला वेगळी मर्यादा असते, नॉर्मलला वेगळी आणि सिझेरियनला वेगळी. विमा पाच लाखांचा असला तरी बाळंतपणाला पन्नास हजारच, असं कितीतरी पॉलिसींत असतं.
दुसरं, रूम रेंटची अट. समजा दिवसाला ३ हजारांची मर्यादा आहे आणि तुम्ही ६ हजारांची खोली घेतली, तर खोलीतला फरक भरून सुटका होत नाही. बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच त्याच प्रमाणात अर्धं धरतात. पाळण्यात वाचवलेले चार हजार तिथे एका रात्रीत जातात.
तिसरं, बाळाचं नाव पॉलिसीत किती दिवसांत घालायचं आणि पहिल्या दिवसापासून बाळ कव्हर होतं का, हे एचआरकडून मेलवर लिहून घ्या. तोंडी नको. बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा ठरतो.
आणि आता नवीन स्वतंत्र पॉलिसी विकायला कोणी आलं तर चालू गरोदरपण त्यात बसत नाही. वेटिंग पिरियड असतो.

धंतोली_४४
इतकं कशाला? सरळ डागात जा. गांधीबागेतलं डागा स्मृती खास बायकांचंच सरकारी रुग्णालय आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात नॉर्मल काय, सिझर काय, फुकट. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, जेवण, घरी सोडायला गाडी. आजारी बाळाचा इलाज वर्षभर मोफत. आमच्या घरची सगळी बाळंतपणं तिथेच झाली.

अनघा_प्रतापनगर
डागातले डॉक्टर चांगलेच आहेत, वाद नाही. पण गर्दी बघितली का? सोबतच्या माणसाला बसायला जागा मिळत नाही. पहिलटकरीण घाबरते तिथे.

धंतोली_४४
गर्दी आहे कारण विदर्भातून लोकं येतात, विश्वास आहे म्हणून येतात. आणि खासगीत घाबरत नाहीत का? एका खासगी ठिकाणी माझ्या साळीला रात्री दहाला सिझर करावंच लागेल म्हणून सही घेतली, कारण धड सांगितलं नाही. मी म्हणतो, निदान एकदा जाऊन बघा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. जा, डॉक्टरांशी बोला, मग ठरवा.

कूलरवाले_भाऊ
मेमध्ये बाळ म्हणजे ४५ डिग्रीत बाळ. कूलरची तयारी आत्ताच करा, एप्रिलमध्ये ताट्यांचे (कूलरच्या बाजूंना लावायच्या गवताच्या पडद्यांचे) भाव वाढतात. बाळाच्या अंगावर थेट हवा नको, कूलर खिडकीबाहेर पाहिजे आणि दुसरी खिडकी उघडी, नाही तर दमट होते खोली. टाकीतलं पाणी रोज बदला, डासांची अंडी होतात.

गोकुळपेठची मावशी
आणि मेमध्ये डिंकाचे लाडू रोज एकच! काही घरी शास्त्र म्हणून दोन-दोन खाऊ घालतात भर उन्हाळ्यात, त्या पोरीचं अंग भाजतं. अळिवाची खीर द्या, भरपूर पाणी, ताक, वरण-भात तूप.

वऱ्हाडी_मेघा
मावशी, माझी आजी म्हणायची बाळंतिणीला ताक चालतच नाही. शेगडीचा शेक पण लागतोच.

अनघा_प्रतापनगर
मेमध्ये शेगडी? खोलीत निखारे आणि धूर बाळाला नको, डॉक्टरांना विचारा हवं तर. ताकाचंही काही नाही, पचत असेल तर प्यावं.

वर्धारोडवाला
लाडूंचा धागा वेगळा काढा, कृपा करा. डायपर की लंगोट तेवढं सांगा. आणि बाळंतपण बहुतेक यवतमाळला होईल, तिच्या माहेरी. सातव्यात डोहाळजेवण झालं की ती जाईल, दीड-दोन महिन्यांचं बाळ घेऊन येईल.

टीपीए_मध्ये_काम_करतो
अजी, हे आधी सांगायचं होतं नं! मग नागपूरचं नेटवर्क हॉस्पिटल, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं, बघून काय उपयोग? यवतमाळात तुमच्या विम्याचं कॅशलेस कुठे चालतं ते या आठवड्यात बघा. नसेल तर पूर्ण बिल आधी खिशातून भरून नंतर मागावं लागेल, म्हणजे तुमचे ऐंशी हजार हातात रोख पाहिजेत. ते सामानात अडकवू नका.

धंतोली_४४
यवतमाळलाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आणि जन्माची नोंद जिथे जन्म तिथेच होते, २१ दिवसांत. नागपूरला येऊन करू म्हणाल तर होणार नाही.

वऱ्हाडी_मेघा
म्हणजे पहिले दोन महिने बाळ इथे नाहीच. मग संक्रांतीच्या सेलमध्ये काऊन घेऊन राहिले सगळं? कपड्यांची एक पिशवी यवतमाळला पाठवा. बाकी जुलैत बघा.
लंगोट-डायपरचं: दिवसा लंगोट, रात्री आणि बाहेर जाताना डायपर. उन्हाळ्यात डायपरने पुरळ येतं, पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत. नुसतं एकच धरून बसाल तर दोन्हीकडून त्रास. डायपरचे मोठे गठ्ठे आत्ता घेऊ नका, साइज पटकन बदलतो.

अनघा_प्रतापनगर
वहिनींच्या रजेचं उत्तर अजून आलं नाही.

वर्धारोडवाला
ती एका खासगी ऑफिसात अकाउंट्सला आहे. मालक म्हणाले तीन महिने बिनपगारी घे, जागा ठेवतो. तेवढा उदारपणा पुष्कळ झाला असं आम्हाला वाटलं. पगार १८ हजार, हातात थोडे कमी येतात. ईएसआय (कामगार विमा) आणि पीएफ कापतात.

टीपीए_मध्ये_काम_करतो
ईएसआय कापतात?? मग हा धागा इथूनच सुरू व्हायला पाहिजे होता.
२१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू असतं. मागच्या दोन अंशदान कालावधींत (सहा-सहा महिन्यांचे असतात) मिळून ७० दिवसांचं अंशदान, म्हणजे पगारातून कापलेला ईएसआयचा हप्ता, भरलं असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पूर्ण सरासरी पगाराइतकी रक्कम मिळते. ती मालक देत नाही, कामगार विमा महामंडळ देतं. १८ हजारांच्या हिशोबाने ते लाखाच्या वर जातं. मालकांचा रुपया जात नाही, फक्त रजा द्यायची आहे. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात, म्हणजे मार्चच्या शेवटापासून.
वहिनींचा इन्शुरन्स नंबर सॅलरी स्लिपवर असेल. सोमवारी पेठ भागात कामगार विमा रुग्णालय आहे, पण आधी त्यांना नेमून दिलेल्या दवाखान्यात जाऊन गरोदरपणाची नोंद करा आणि अपेक्षित तारखेचा दाखला घ्या. यवतमाळला जाणार हेही तिथेच सांगा, पुढची कागदं कशी द्यायची ते विचारून ठेवा.

धंतोली_४४
आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५ हजार पण. पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत मिळतात, ३ आणि २. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की झालं. अंगणवाडीत नोंद करा.

टीपीए_मध्ये_काम_करतो
भाऊ, थांबा. त्या योजनेत दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळत असेल तर पात्र नाही, असं कलम आहे. ईएसआयचे घेऊन हेही घ्यायला जाल तर अडचण होईल. अंगणवाडीत ईएसआयचं आधी सांगून मगच अर्ज करा.

वर्धारोडवाला
हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. खरंच आभार. बायको स्लिपा काढून बसली आहे. अजून एक, तपासणीला गेलो तिथे एकजण नाळेतलं रक्त साठवायचं पत्रक देऊन गेला, हप्त्यावर आहे. बाळाच्या सुरक्षेचं म्हणतात तर नाही म्हणवत नाही.

अनघा_प्रतापनगर
स्वतःच्या बाळासाठी खासगी बँकेत साठवण्याची शिफारस आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) करत नाही, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही तेच मत आहे. ते रक्त त्याच बाळाला पुढे उपयोगी पडण्याची शक्यता फार कमी असते. तुम्ही नाही म्हणालात म्हणून बाळाची काळजी कमी होत नाही. त्यापेक्षा लसी वेळेवर द्या. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या महापालिकेच्या केंद्रांत मोफत आहेत, आणि लस तीच असते. कांजिण्यांसारख्या एक-दोन बाहेर विकत घ्याव्या लागतील, त्यासाठी पैसे ठेवा.

कूलरवाले_भाऊ
यवतमाळलाही कूलर लागेल. तिथलं पाणी जड आहे, ताट्यांवर क्षार बसतात.

वर्धारोडवाला
सेलचं रद्द केलं. मलमल इतवारीतून घेतो. उद्या सकाळी नेमलेल्या दवाखान्यात जातोय, दुपारी एचआरला मेल करतो.

नवीन_सभासद_मानेवाडा
आमची ऑगस्टची तारीख आहे. बायकोचा पगार २६ हजार, ईएसआय नाही. मालक म्हणतात आमचं छोटं ऑफिस, मॅटर्निटी लागू नाही. मग आम्ही काय करायचं?

टीपीए_मध्ये_काम_करतो
ऑफिसात किती जण आहेत? १० किंवा जास्त असतील तर मातृत्व लाभाचे नियम लागू होतात. मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं पाहिजे. तिथे २६ आठवड्यांचा पगार मालकालाच द्यावा लागतो. माणसं मोजून सांगा, चहावाला आणि ड्रायव्हर पगारावर असतील तर तेही धरून.