चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत निसर्ग कसा आणायचा?

गॅलरीकर
पुण्यात फ्लॅट, चौथा मजला. गॅलरी आठ बाय तीन फूट, पूर्वेला तोंड, ऊन सकाळी बारापर्यंत. मुलं ६ आणि ९ वर्षांची. सुट्टीत जंगलात जाणं वगैरे नको, रोज पंधरा मिनिटं घरातच बघता येईल असं काही हवंय. सध्या मनी प्लँट, क्रोटन आणि स्नेक प्लँट आहेत, त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही.

पानवाला
फिरकणार कसं? त्या झाडांवर आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना खायला काही नाही. कढीपत्ता लावा. १२ इंची कुंड्या दोन, एक नाही. कॉमन मॉरमॉन आणि लिंबू फुलपाखरू, दोन्हींच्या माद्या कोवळ्या पालवीवर अंडी घालतात. अंडं पिवळसर, मोहरीपेक्षा बारीक, एकेकटं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. घाण समजून लोक नेमकी तेव्हाच पुसून टाकतात. शेवटची कात टाकली की ती हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे हमखास आवडतं, पण दिवसातून एकदाच डिवचा.

कोषात जाण्याआधीचे चार-पाच दिवस ती अधाशासारखी खाते, म्हणून दुसरी कुंडी. मग एक दिवस अळी गायब होते. मेली समजू नका. कोष करायला ती भटकते, कुंडीच्या काठाखाली, ग्रिलला, कपड्यांच्या दोरीला शोधा. उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण दहा दिवसांत फुलपाखरू निघतं, थंडीत जास्त वेळ लागतो. कोषाचा रंग गडद होऊन आतली नक्षी दिसायला लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा.

अळी बरणीत पाळायची असेल तर बरणी उंच हवी आणि आत उभी काडी हवी. बाहेर आल्यावर पंख खाली लोंबकळत ठेवूनच पसरतात. जागा कमी पडली तर ते चुरगळलेलेच वाळतात, मग उडणं नाही.

सावलीतला
वरच्यात भर. ऊन बाराला जात असेल तर पानफुटीही लावा, कमी उन्हात चालते, ६ इंची कुंडी पुरते. तिच्यावर रेड पिएरो फुलपाखरू येतं. अळी पानाच्या आत शिरून खाते, त्यामुळे पान उजेडासमोर धरलं की ती आत फिरताना दिसते. रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू येतं, पण लहान मुलं असताना रुई नको. चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

पाणवठा
मातीची पसरट थाळी घ्या, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड. कडेपासूनच खोल असलेल्या भांड्यात बुलबुलही उतरायला बिचकतो. थाळी कठड्यावर नुसती ठेवू नका, तारेने बांधा, खाली माणसं चालतात. पाणी रोज बदला आणि काथ्याने घासा, साबण नको. आठवडाभर तसंच राहिलं की डासांची पैदास झालीच म्हणून समजा.

दाणे अजिबात टाकू नका. शहरात दाण्याला येतात ती कबुतरं, बाकीचे हुसकले जातात, आणि वाळलेली विष्ठा फुप्फुसांना वाईट. शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) हवा असेल तर जास्वंद लावा.

गॅलरीकर
कढीपत्ता नर्सरीतून आणला तर लगेच अळ्या येतील का? आणि त्याला मावा (रस शोषणारे बारीक किडे) लागला तर?

पानवाला
लगेच नको. नर्सरीतली झाडं बहुधा फवारलेली असतात, आणि काही औषधं मुळावाटे पानात भिनतात, नुसतं धुऊन जात नाहीत. अळी पान खाते आणि दोन-तीन दिवसांत काळी पडून मरते. आणल्यावर झाड वरून एक तृतीयांश छाटा आणि दोन-तीन महिने नवी पालवी येऊ द्या. फेब्रुवारीअखेर छाटलं तर पावसाळ्याला तयार असतं, आणि पावसाळा ते दिवाळी हाच खरा हंगाम.

माव्याला पाण्याचा फवारा मारा, बोटाने चिरडा. कडुनिंबाचं तेलही नको, ते अळ्यांनाही मारतं, मावा आणि अळी असा भेद त्याला कळत नाही. खालून मुंग्या चढत असतील तर कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा, नाहीतर अंडी राहत नाहीत. ते पाणीही रोज बदलायचं, वर सांगितलंय तसं.

झाडवेडा
गॅलरीतून रस्त्यावरचं एक झाड दिसतं का? असेल तर दर रविवारी एकाच फांदीचा फोटो त्याच जागेवरून काढा आणि कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं यांपुढे नाही, थोडं, खूप एवढंच लिहा. सीझनवॉच या झाडांच्या ऋतुबदलांच्या नोंदींच्या उपक्रमात हीच नोंद देशभर होते. पक्ष्यांसाठी फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये निदान १५ मिनिटं मोजणी करायची असते, ती गॅलरीत बसूनही चालते. आवाज ओळखायला मर्लिन ॲप बरं आहे, पण रहदारीच्या गोंगाटात ते वाटेल ते नाव सुचवतं. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत ते नाव वहीत घेऊ नका.