प्रतिसाद: मुलांना रात्री १२ पासून उपाशी ठेवावं का?

वर एका ताईंनी लिहिलंय की चार वर्षांच्या मुलाच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही दिला नाही, आणि नंबर लागला दुपारी दीडला. मी भूलतज्ज्ञ आहे. वाचून फार वाईट वाटलं, कारण एवढ्या उपासाची गरज नसते.

डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात मोठ्यांसाठी जी 'लवकर बरं होण्याची' पद्धत मांडली, ती आता मुलांसाठीही वापरतात. तिची सुरुवातच उपास कमी करण्यापासून होते. जेवण आणि गाईचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी. पाणी, साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस मात्र २ तास आधीपर्यंत चालतो. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर हा काळ १ तासावर आणलाय. तहानलेलं मूल जास्त रडतं, घाबरतं, आणि त्याची शीरही पटकन सापडत नाही!

दुसरी गोष्ट वेदनेची. हर्नियासारख्या ऑपरेशनमध्ये मूल झोपल्यावर माकडहाडाजवळ बधिरतेचं इंजेक्शन देता येतं. मग मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात, उलट्या कमी होतात आणि मूल लवकर खायला मागतं.

ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, "शेवटचं पाणी किती वाजता देऊ?" ऑपरेशन पुढे ढकललं तर पुन्हा विचारा. पोटातलं वर येण्याचा त्रास असलेल्या मुलांचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा वेळ स्वतःहून ठरवू नका.