पगारवाढ आणि कामाची गोडी

पगार वाढला की काम आपोआप आवडू लागते, हे नेहमी मांडले जाणारे मत मला अपुरे वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये तिथल्या पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून असे मांडले, की पगार आणि वरिष्ठांची वागणूक सुधारल्याने फार तर नाराजी कमी होते. गोडी लागते ती प्रत्यक्ष कामामुळे आणि जबाबदारीमुळे. पुण्याजवळच्या भोसरीच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात असताना भत्ता वाढल्याचा आनंद जेमतेम दिवाळीपर्यंत टिकला. पण रिजेक्शन (सदोष म्हणून नाकारलेला माल) का येते ते शोधून फिक्श्चर, म्हणजे काम करताना सुटा भाग पक्का धरून ठेवणारे साधन, बदलण्याची मुभा मिळाल्यावर पाळी संपली तरी घरी जाण्याची घाई उरली नाही.